इंदूरला रात्री भटकायला येताय? मग खोली कुठे घ्यायची ते आधी नीट बघा

दर डिसेंबरमध्ये माझ्या फोनवर एकच प्रश्न येतो, कधी पुण्याच्या मावसभावाकडून, कधी नाशिकच्या चुलत नणंदेकडून, "ताई, इंदूरला येतोय, सराफा करायचाय, हॉटेल कुठलं घेऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत समोरून लिंक येते, की अगं हे घेतलंच आहे, स्विमिंग पूल आहे, नाश्ता फुकट आहे. मागच्या वेळी मावसभावाने असंच शहराच्या पार बाहेरच्या अंगाला, सुपर कॉरिडॉरकडे घेतलं होतं. खोली छानच होती, नाही म्हणत नाही मी. पण रात्री पाऊण वाजता सराफ्यातून, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीतून, निघालेली मंडळी, दोन पोरं पेंगलेली, मावशीचे गुडघे बोलायला लागलेले, आणि ॲपवर गाडी मिळतेय मिळतेय करत तीनदा कॅन्सल झाली. शेवटी माझा नवरा लोकमान्य नगरातून स्वेटर चढवून गाडी काढून गेला आणि दोन खेपांत सगळ्यांना पोचवून अडीचला घरी आला. पूल कोणी बघितलासुद्धा नाही.

तेव्हापासून मी हे एकदा लिहूनच ठेवायचं ठरवलं होतं. माझं माहेर रामबागेतलं, सासर लोकमान्य नगरातलं, म्हणजे इंदूर सोडून कुठे राहिलेच नाही, आणि पाहुणे मात्र इतके झालेत की कोणाला कुठे उतरवायचं ह्याचा अंदाज आता बरोबर येतो. माझा हिशोब सोपा आहे, रात्रीचा शेवटचा घास किंवा शेवटचा ग्लास जिथे संपणार आहे तिथून खोली मोजायची. स्टेशनपासून किती, एअरपोर्टपासून किती, हे नंतर. दिवसाउजेडी सामान घेऊन कुठूनही कुठेही जाता येतं, रात्री दीड वाजता नाही जाता येत.

पहिलं काम: तुमची रात्र कुठली ते ठरवा

मुंबई-पुण्याचे लोक "नाइटलाइफ" म्हणाले की डोळ्यांपुढे पब आणतात. इंदूरमध्ये पब आहेत, भरपूर आहेत, पण इथली खरी रात्र खाण्याची आहे. जुने लोक म्हणायचे ना, बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि शब-ए-मालवा, म्हणजे माळव्याची रात्र. दिवसभर कितीही तापलं तरी रात्री इथे हवा उतरते, म्हणून लोक जेवून परत खायला बाहेर पडतात, आणि हे काय फक्त कॉलेजची पोरं नाहीत, सहा महिन्यांचं बाळ कडेवर आणि आजी हाताला धरून बारा वाजता रबडी खाणारी घरं आहेत.

तर तुमच्या रात्री साधारण चार प्रकारच्या असू शकतात. एक, सराफा आणि राजवाडा. दोन, छप्पन दुकान आणि पलासियाकडची संध्याकाळ, जी अकराच्या आत आटपते. तीन, विजयनगरचे पब आणि रूफटॉप. चार, सणाची रात्र, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) वगैरे, जिचे नियमच वेगळे. बहुतेक जण दोन रात्रींसाठी येतात आणि त्यात एक सराफ्याची आणि एक विजयनगरची असं काहीतरी करतात. मग प्रश्न येतो की मुक्काम इकडे की तिकडे, त्यावर येतेच.

आणखी एक गोष्ट, कारण जुने व्हिडिओ बघून लोक फसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथे बीआरटीएसच्या, म्हणजे बससाठी राखीव मार्गाच्या, पट्ट्यावर, निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा रस्ता, तिथे दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची परवानगी दिली होती. तेव्हा लोक पहाटे तीनला चहा प्यायला जायचे आणि रील टाकायचे. जुलै २०२४ मध्ये ती परवानगी मागे घेतली. बीआरटीएसचीही रेलिंगं २०२५ मध्ये काढायला सुरुवात झाली. त्यामुळे "इंदूर रात्रभर जागं असतं" हे वाक्य आता सराफ्यापुरतं आणि स्टेशनच्या आसपासपुरतं धरा, बाकी शहर आपल्यासारखंच झोपतं.

दुसरं: रात्रीचं घड्याळ समजून घ्या

सराफा दिवसा सोन्या-चांदीचा बाजार आहे. संध्याकाळी सराफांच्या पेढ्यांचे शटर खाली यायला लागले की त्यांच्याच ओट्यांवर आणि समोरच्या गल्लीत खाण्याचे ठेले लागतात. सांगतात असं की पूर्वी सराफांनाही हे सोयीचंच होतं, रात्री माणसांची वर्दळ राहिली की दुकानांवर आपोआप राखण. आठ-साडेआठला गेलात तर अर्धी गल्ली अजून मांडामांड करत असते, भट्ट्या नुसत्या धुरावत असतात. साडेनऊपासून खरं सुरू होतं, अकरा ते साडेबारा पाय ठेवायला जागा नसते, शनिवारी तर गल्ली तुम्हाला चालवते, तुम्ही चालत नाही. एक-दीडनंतर ओसरतं. मला विचाराल तर सव्वानऊला शिरा आणि बाराला निघा, किंवा मग बाराला शिरा आणि शेवटपर्यंत थांबा. मधल्या वेळेत लहान पोरांना नेऊ नका.

आणि तिथे उभं राहून बघायच्या दोन गोष्टी सांगते, कारण ह्याच गोष्टींमुळे वेळ जातो आणि "तासाभरात येतो" म्हणणारे तीन तासांनी येतात. जोशींचा दहीबडा खायला उभे राहिलात की आधी ते दह्याने भरलेला दोना वर हवेत उडवतात, दही जागचं हलत नाही, परत हातात झेलतात, आणि मग एकाच चिमटीत धरलेले वेगवेगळे मसाले एकेक करून सोडतात, आधी मीठ, मग जिरं, मग तिखट, बोटांतून वेगवेगळे रंग सुटताना दिसतात. पोरं तिथून हलत नाहीत. दुसरा गराडू. हा थंडीतला कंद, आपल्या कोनफळाच्या घराण्यातला, आधी एकदा तळून ठेवलेला असतो आणि तुम्ही मागितला की परत कढईत जातो, बाहेरून खरपूस झाला की वर जिरावण आणि लिंबू. जिरावण म्हणजे आमचा पोह्यांवरचा मसाला, घरी न्यायला तोच घ्या. साबुदाण्याची खिचडी बघून मराठी माणूस पुढे जातो की ही काय घरीच असते, पण इथली वाफवलेली असते, परतलेली नाही, आणि त्यात शेव-चिवडा, मिरची, लिंबू सगळं तुमच्यासमोर कालवतात. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याची पॅटिस, हातभर मोठा जलेबा, मावाबाटी, ही यादी संपत नाही. एका पोटात एका रात्रीत बसणार नाही हे धरूनच चला, त्यासाठीही मुक्काम जवळ असला की दुसऱ्या रात्री परत जाता येतं.

सराफ्यात दारू नाही आणि सगळं शाकाहारी. म्हणजे ज्यांना दोन्ही करायचंय त्यांनी उलटं करायचं, आधी पब मग सराफा. पब, बार रात्री साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास आवरायला लागतात, सराफा तेव्हा ऐन भरात असतो. माझा धाकटा दीर आणि त्याचे मित्र हेच करतात. ह्यातून काय निघतं बघा, त्यांची रात्रसुद्धा सराफ्यातच संपते.

छप्पन दुकान लवकरचं आहे. न्यू पलासियातली ही छप्पन दुकानांची रांग, २०२० मध्ये नव्याने केली, गाड्या आत येत नाहीत, बसायला जागा आहे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली तर सराफ्यापेक्षा इथे सुखात खाता येतं. पण दहा-साडेदहाला आवराआवर सुरू. म्हणून छप्पनसाठी मुक्काम निवडायची गरज नाही, तिथे संध्याकाळी कुठूनही जाता येतं आणि परतायला गाड्याही मिळतात.

तिसरं: एरिया निवडा (इथे घाई करू नका)

*राजवाडा आणि सराफ्याच्या अगदी जवळ.* होळकरांचा सात मजली राजवाडा माहीतच असेल, त्याच्या मागच्या अंगाला पाच मिनिटांत सराफा. इथे मिळतात ते बहुतेक लॉज आणि धर्मशाळा, दुकानांच्या वर, चिंचोळा जिना, कधी लिफ्ट कधी नाही. फायदा एकच पण मोठा, खाल्लं की चालत खोलीत. तोटे असे की गाडी दारापर्यंत येत नाही, दिवसा त्या गल्ल्यांत ट्रॅफिकची कोंडी, सकाळी सातपासून हातगाड्यांचा आणि मालाच्या टेम्पोंचा आवाज, आणि खिडकी उघडली तर समोरच्याची भिंत. तरुण पोरं, दोन सॅक, एक रात्र, तर घ्या, मजा येते. आईवडील बरोबर असतील तर नको. काही धर्मशाळा रात्री ठरावीक वेळेला दार लावून घेतात, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

*स्टेशन, सरवटे बस स्टँड, छोटी ग्वालटोली.* राजवाड्यापासून दीड-दोन किलोमीटर. हॉटेलांची खच्चून गर्दी, स्वस्तापासून मध्यमपर्यंत. ह्या भागाचं खरं कौतुक म्हणजे इथे रात्रभर माणसं असतात, रिक्षा उभ्या असतात, आणि बऱ्याच ठिकाणी चोवीस तासांचा चेक-इन चालतो, म्हणजे सकाळी नऊला उतरलात तर दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत खोली तुमची. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर बसून येणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं, बाराच्या चेक-इनवाल्या हॉटेलात दोन-तीन तास लॉबीत सामानावर बसावं लागत नाही. तोटा म्हणजे खोल्या फोटोत दिसतात तशा क्वचितच असतात आणि रस्त्याकडच्या खोलीत हॉर्न रात्रभर. एकट्या बाईने उतरायचं तर मी इथल्या अगदी आतल्या गल्ल्यांतलं घेऊ नको म्हणेन, मोठ्या रस्त्यावर तोंड असलेलं घ्या.

*साऊथ तुकोगंज, आरएनटी मार्ग, रीगलच्या बाजूचा पट्टा.* माझं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. स्टेशनच्या जवळ, पण स्टेशनच्या गडबडीतून बाहेर. राजवाडा इथून दोन-अडीच किलोमीटर, छप्पन जवळजवळ तेवढंच, ट्रेझर आयलंड मॉल चालत, आणि विजयनगरला जायला एमजी रोडवरून सरळ रस्ता. हॉटेलं मधल्या दराची, कुटुंबांची ये-जा असलेली, कार लावायला जागा असते. जुनी मराठी वस्तीही आहे ह्या बाजूला, नाथ मंदिर इथेच, त्यामुळे आत्या-काकू मंडळी सकाळी देवदर्शनालाही जाऊन येतात आणि आपल्याला झोपू देतात. रात्री एक वाजता सराफ्यापासून इथपर्यंत रिक्षा मिळायला त्रास होत नाही, कारण स्टेशनच्या दिशेनेच जायचं असतं आणि रिक्षावाल्यालाही तिकडेच परत जायचं असतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. रात्रीची रिक्षा तुमच्या सोयीने चालत नाही, तिच्या परतीच्या भाड्याच्या आशेवर चालते, म्हणून स्टेशनकडे जाणारा माणूस कायम नशीबवान.

*पलासिया, गीता भवन.* वरच्यासारखंच, थोडं महाग, थोडं नवं. एक रात्र सराफा आणि एक रात्र विजयनगर असं असेल तर दोन्ही अंतरं साधारण सारखी पडतात, म्हणून भांडण मिटवायला बरं. फक्त खोली एबी रोडला लागून नको, रस्त्याची कामं चालू आहेत आणि रात्रीच चालतात.

*विजयनगर, स्कीम ५४, ७४, ७८, बॉम्बे हॉस्पिटलची बाजू.* नवं इंदूर. मोठी स्टार हॉटेलं, सयाजी, मॅरियट, रेडिसन, सगळी ह्याच बाजूची, सी-२१ आणि मल्हार मेगा मॉल इथेच, पब-बारही इथेच. तुमची रात्र फक्त पबची असेल तर डोळे झाकून इथे घ्या आणि चालत परत जाता येईल इतक्या जवळचं घ्या, कारण प्यायल्यावर गाडी चालवायचा प्रश्नच येत नाही आणि ह्या भागात पोलिसांची तपासणी असते. मध्य प्रदेशात दारूसाठी वय एकवीस पूर्ण लागतं, ओळखपत्र खिशात ठेवा. २०२३ पासून दुकानाशेजारचे अहाते बंद झालेत, म्हणजे बाटली घेऊन तिथेच बसायची जुनी सोय राहिलेली नाही, आणि गाडीत बसून प्यायची हुशारी तर करूच नका. इथून सराफा सात-आठ किलोमीटर. एक रात्र जायला यायला काही वाटत नाही, दोन रात्री केलं की कंटाळा येतो.

*भंवरकुआ.* कोचिंग क्लासची पोरं, पीजी, होस्टेल, स्वस्त खाणं. ओळखीचा विद्यार्थी असेल तर त्याच्याकडे पडा, मुद्दाम हॉटेल घेण्यासारखं काही नाही.

*सुपर कॉरिडॉर, एअरपोर्ट रोड, बायपास.* फोटो सगळ्यात सुंदर इथलेच, दरही मोहात पाडणारे. रात्री भटकायचं असेल आणि स्वतःची गाडी नि न पिणारा ड्रायव्हर नसेल तर नको म्हणजे नको. सुपर कॉरिडॉरवर ३१ मे २०२५ पासून मेट्रो धावते म्हणून कोणी सांगेल, ती सुरुवातीची पाच स्टेशनं सगळी तिकडच्या तिकडेच, तिच्या भरवशावर सराफ्याच्या मुक्कामाचं गणित मांडू नका.

चौथं: परतीचा रस्ता आधी करून बघा

खोली पसंत पडली की बुक करायच्या आधी नकाशात सराफा ते हॉटेल असं टाका, उलटं नाही. चालत किती, गाडीने किती. चालत पंचवीस मिनिटांच्या आत असेल आणि रस्ता मोठा असेल तर उत्तम. जवाहर मार्ग, एमजी रोड हे रात्रीही चालण्यासारखे वाटतात, मधल्या गल्ल्या नकाशात जवळच्या दिसतात पण तिथे कुत्री फार, आणि ती टोळीने असतात.

सिटी बस रात्री दहानंतर हिशोबात धरू नका. ओला, उबर, रॅपिडो सगळं चालतं, पण सराफ्याच्या तोंडाशी उभं राहून गाडी बुक केली तर ड्रायव्हर आत येत नाही, तुम्ही बाहेर येत नाही, आणि फोनवर "भिया, किधर हो?" "तुम किधर हो?" असं दहा मिनिटं चालतं. त्यापेक्षा आधी चालत राजवाड्याच्या पुढे कृष्णपुरा पुलाकडे किंवा जवाहर मार्गावर या, एखाद्या दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीखाली उभे राहा आणि मग बुक करा. रिक्षा करायची तर बसायच्या आधी भाडं पक्कं करा, रात्री मीटरची भाषा कोणी बोलत नाही. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर राजवाड्याच्या अलीकडेच पार्किंगला लावा आणि चालत जा. गल्लीत शिरून बघू म्हणणारे अजून मागे-पुढे करतायत तिथे.

पाचवं: हॉटेलला फोन करा, ॲपवर विसंबू नका

हे मी स्वतः भोगून शिकलेय. माझ्या चुलत बहिणीबरोबर, ती जळगावची, मजा म्हणून आम्ही दोघींनी एका लॉजमध्ये एक रात्र काढायचं ठरवलं, म्हटलं घरी जायची घाई नको. पहिली गंमत काउंटरवरच झाली, माझं आधार इंदूरचं, तर म्हणे लोकल आयडी चालत नाही. बरीच विनवणी केल्यावर तिच्या नावावर खोली मिळाली आणि मी पाहुणी. मग रात्री पावणेदोनला आलो तर शटर खाली. बेल बंद. फोन केला तर आतमध्ये काउंटरवर वाजतोय, आम्हाला बाहेर ऐकू येतोय, आणि उचलणारा गाढ झोपलेला. थंडी, हातात रबडीचा डबा, आणि शेजारच्या दुकानाचा वॉचमन आमच्याकडे बघतोय. त्यानेच शेवटी काठीने शटर बडवलं. वीस मिनिटं गेली.

तर फोनवर हे विचारा, आणि हिंदीतच विचारा म्हणजे गोल गोल उत्तर मिळणार नाही. "भिया, रात दो बजे आएंगे, गेट खुला मिलेगा? रिसेप्शन पे कोई जागता है?" नुसतं "हां आ जाओ" म्हणाला तर परत विचारा, की नाइट ड्यूटीला माणूस असतो का. मग आयडी काय लागेल आणि लोकल चालेल का. लग्न न झालेलं जोडपं असेल तर तेही सरळ विचारून घ्या, कायद्याने अडचण नसली तरी दारात कोणी वाद घालत बसायचं नसतं. चेक-इन किती वाजता आणि चेक-आउट दोन-तीन तास पुढे ढकलता येईल का, ह्याला सकाळी फार किंमत येते. खोली रस्त्याकडे की मागे. आसपास मॅरेज गार्डन आहे का! हा प्रश्न बाहेरच्या माणसाला सुचतच नाही, पण इंदूरमध्ये लग्नाच्या सीझनला मॅरेज गार्डनशेजारी खोली घेणं म्हणजे वरातीत झोपायला जाणं. लाउडस्पीकर दहाला बंद करायचा नियम देशभर आहे, पण त्यानंतरची भांड्यांची, गाड्यांच्या रिव्हर्सची आणि रुसलेल्या मामांची खडखड दोनपर्यंत चालते.

पाणी गरम येतं का आणि किती वाजेपर्यंत, हेही डिसेंबर-जानेवारीत विचारा. सोलर असेल तर रात्री दोनला पाय धुवायला बर्फ.

सहावं: लिहिलेलं वाचा, पण तिरकं वाचा

हॉटेलांच्या नावाखाली "राजवाडा के पास" लिहिलेलं असतं आणि ते चार किलोमीटरवर निघतं. पत्ता बघा, चौराह्याचं नाव बघा, नकाशातली पिन बघा आणि तिन्ही जुळतायत का बघा. लोकांचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे बघू नका, "रात को", "लेट", "गेट", "शोर", "पार्किंग" असे शब्द शोधा, आणि गेल्या सहा महिन्यांतले वाचा, कारण खोदकामामुळे दोन वर्षांपूर्वीचा शांत रस्ता आता शांत असेलच असं नाही. फोटोत पलंग सगळेच छान काढतात, बाथरूमचा फोटो नसेल तर समजून जा.

दराचं म्हणाल तर तो रोज बदलतो, पण एक माहीत असू द्या, सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. कोणी साध्या खोलीवर जास्त टॅक्स लावत असेल तर बिल मागा. आणि ॲपवरचा दर बघून हॉटेलला थेट फोन केला तर बरेचदा थोडं कमी होतं, निदान सकाळचे पोहे तरी फुकट होतात.

सातवं: तारखा

काही तारखांना वरचं सगळं उलटं होतं. रंगपंचमीला, म्हणजे फाल्गुन वद्य पंचमीला, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते. ती दिवसाची, पण आदल्या दिवसापासून तो भाग भरतो आणि रस्ते बंद होतात, तेव्हा राजवाड्याजवळ खोली असली तर गाडी विसरा आणि कपडे जुनेच आणा. अनंत चतुर्दशीची रात्र मात्र बघण्यासारखीच. इथल्या कापड गिरण्यांच्या झांक्या, हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, रात्रभर दिव्यांच्या रोषणाईत निघतात. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, हुकुमचंद तर १९९१ मध्येच, पण कामगारांनी झांकी काही सोडली नाही. माझे बाबा आम्हाला खांद्यावर बसवून दाखवायचे आणि पहाटे चारला घरी आणायचे. त्या रात्री मिरवणुकीच्या रस्त्यावर गॅलरी असलेली खोली मिळाली तर सोनं, पण झोपायची अपेक्षा ठेवू नका आणि महिनाभर आधी बोलून ठेवा.

होळकर स्टेडियमवर क्रिकेटची मॅच असेल, किंवा एकतीस डिसेंबर, किंवा लग्नाचे मुहूर्त, तर दर दुप्पट होतात आणि गीता भवन-पलासियाकडची हॉटेलं आधी भरतात. २०२८ ला उज्जैनला सिंहस्थ आहे, त्या काळात नुसतं खायला म्हणून इंदूरला यायचा बेत असेल तर पुढे-मागे करा.

आणि उज्जैनची भस्मारती जोडायची असेल तर

बरेच लोक दोन्ही एकाच फेरीत करतात आणि त्यात पैसे वाया घालवतात. उज्जैन इथून पंचावन्न किलोमीटर, भस्मारती पहाटे चारला, आणि बुकिंग आधी करून त्याच्या बरंच आधी तिथे हजर राहावं लागतं. म्हणजे सराफ्यातून बाराला निघालात तर त्या रात्री इंदूरची खोली घेऊन तुम्ही त्यात झोपणार कधी? त्या रात्रीची खोली घेऊच नका. संध्याकाळी चेक-आउट करा, सामान हॉटेलच्या क्लोकरूममध्ये ठेवा किंवा गाडीत टाका, सराफ्यात दोन घास कमी खा, आणि साडेबाराला आधी ठरवलेल्या टॅक्सीने सरळ उज्जैन. खोली दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या, उज्जैनला किंवा इंदूरला परत येऊन, आणि तेव्हा चोवीस तासांच्या चेक-इनवालं हॉटेल शोधा. आमच्या आत्याने ह्या पद्धतीने केलं तर एका पूर्ण रात्रीचे पैसे वाचले, फक्त आरतीत ती उभ्या उभ्या डुलत होती असं काका सांगतात, ती कबूल करत नाही.

सगळं करूनही कोणाची गाडी चुकली, कोणाचं गेट बंद निघालं, तर सरळ सरवटे स्टँडकडे जा. तिथे रात्रीसुद्धा कोणीतरी पोह्यांची कढई वाफेवर ठेवून बसलेला असतो, वर शेव, जिरावण, बाजूला गरम जिलबी. तिथे पाटावर बसून खोलीवाल्याला फोन लावत राहायचं, कधी ना कधी उचलतोच.